प्रयत्न, प्रारब्ध आणि फलत्याग : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गीतेवरची किंवा ज्ञानेश्वरीवरची बैठक रत्नागिरीत असो, वेंगुर्ल्यात असो वा श्रीवर्धनला, निरूपण आटोपून चहा आला की निघणारे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. विचारणारे आंबा बागायतदार असतात, मच्छीमार कुटुंबांतल्या स्त्रिया असतात, स्पर्धा परीक्षेला बसलेल्या मुलांचे आईवडील असतात, आणि त्यांपैकी फार थोड्यांना चर्चेसाठी चर्चा हवी असते. आपल्या हातून घडलेल्या किंवा घडता घडता राहिलेल्या एखाद्या गोष्टीचा हिशेब त्यांना लावायचा असतो. म्हणून पुढील उत्तरे शास्त्राच्या आधाराने, पण इथल्याच कामधंद्यांकडे पाहून दिली आहेत.

शेवटी मोठे काय, प्रयत्न की दैव?

गीता हा प्रश्न या स्वरूपात हाती घेतच नाही. अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे दिली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. हापूसच्या बागेला ही यादी लावून पाहावी. जांभ्या कातळात सुरुंग लावून काढलेले खड्डे, त्यांत भरलेली माती आणि समुद्रावरून येणारा वारा हे झाले अधिष्ठान. बागायतदार हा कर्ता. पंप, औषध, खत आणि आंबे उतरवायचा झेला ही साधने. पावसाळ्यातली बेणणी म्हणजे गवत-झुडपांची सफाई, फांद्यांची छाटणी, मोहोरावर तुडतुडे येऊ नयेत म्हणून वेळेवर केलेल्या फवारण्या, काढणी आणि पेटी भरणे या क्रिया. आणि डिसेंबरात थंडी पडते की नाही, मार्चमध्ये अवकाळी पाऊस येतो की नाही, हा पाचवा भाग. या पाचांपैकी पहिल्या चारांत माणसाला थोडाबहुत तरी हात घालता येतो, आणि पाचव्यात घालता येत नाही म्हणून उरलेल्या चारांतून त्याची सुटका होत नाही.

याच श्लोकाच्या पुढे आणखी एक गोष्ट सांगितलेली आहे, तिच्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. ही पाच कारणे न्याय्य आणि विपरीत, दोन्ही प्रकारच्या कर्मांना लागू आहेत, आणि जो केवळ स्वतःला कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असे गीतेचे म्हणणे आहे. आपण काय करतो? बाग फळली की आपली फवारणी अचूक होती, आणि मोहोर गळाला की नशीब फिरले, असा निवाडा देतो. गीतेच्या हिशेबात चांगल्या हंगामातही दैवाचा वाटा तेवढाच आहे, जेवढा वाईट हंगामात.

येथल्या ‘दैव’ या पदाचा अर्थ सरसकट ‘कपाळावर लिहिलेले’ असा केला जातो, म्हणून एक खुलासा आवश्यक आहे. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्याचा अर्थ डोळा, कान इत्यादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा केला आहे, तर रामानुजाचार्यांनी तेथे अंतर्यामी परमात्मा घेतला आहे. ललाटरेषेचा अर्थ या दोघांपैकी कोणीही घेतलेला नाही.

जे व्हायचे ते आधीच ठरले असेल, तर प्रयत्न करून काय उपयोग?

परंपरेने कर्माचे तीन भाग मानले आहेत. अनेक जन्मांत साठलेले ते संचित, त्यांपैकी या जन्मी फळ देऊ लागलेले ते प्रारब्ध, आणि आपण आत्ता करत आहोत ते क्रियमाण. प्रारब्धाने काय मिळते, याविषयी पतंजलींच्या योगसूत्रांत तीनच गोष्टी आहेत : जन्म, आयुष्य आणि भोग, म्हणजे सुखदुःखाचा अनुभव. त्या जन्मात आणि त्या अनुभवात माणूस कसा वागेल, हे त्या यादीत नाही. ते क्रियमाणाचे क्षेत्र आहे आणि ते मोकळे आहे. योगवासिष्ठ तर याहूनही पुढे जाते. त्याच्या मते दैव म्हणून वेगळी काही शक्तीच नाही, आपल्याच पूर्वीच्या प्रयत्नाला आपण ते नाव देतो, आणि आजच्या प्रबळ प्रयत्नाने कालच्या प्रयत्नाला मागे सारता येते.

सर्व काही आधीच ठरलेले आहे, असे खरोखर मानणारा एक पंथ भारतात होऊन गेला. आजीवकांचा आचार्य मक्खली गोसाल शिकवीत असे की माणसाच्या बळाला, वीर्याला, पराक्रमाला काही अर्थ नाही, सर्व नियतीने बांधलेले आहे. बुद्धांनी आपल्या काळातल्या अनेक मतांवर टीका केली, पण या मताबद्दल त्यांचे शब्द विशेष कठोर आहेत : नदीच्या मुखाशी लावलेल्या जाळ्यात जसे असंख्य मासे नाश पावतात, तसा हा माणूस पुष्कळांच्या नाशासाठी लावलेले जाळे आहे. खाडीच्या तोंडाशी जाळे लावल्याने आत काय शिल्लक राहते, हे आपल्याकडे वेगळे समजावून सांगायला नको.

व्यवहाराच्या दृष्टीने एवढेही पुरेसे आहे की आपले प्रारब्ध कोणते, हे घटना घडून गेल्याशिवाय कोणालाही कळत नाही. जी गोष्ट आधी कळूच शकत नाही, तिच्या आधारावर आज हात बांधून बसण्याचा निर्णय घेता येत नाही.

फळाची अपेक्षा ठेवायची नाही, म्हणजे आंब्याचा भावही विचारायचा नाही का?

अवश्य विचारावा, आणि कमी मिळत असेल तर भांडावेही. हा गैरसमज ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ या श्लोकाचा पहिलाच चरण पाठ असल्यामुळे होतो. दुसऱ्या अध्यायातल्या त्या सत्तेचाळिसाव्या श्लोकात चार गोष्टी आहेत : कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर कधीही नाही, फळाच्या हेतूने कर्म करणारा होऊ नकोस, आणि कर्म न करण्याचीही आसक्ती धरू नकोस. यांतली चौथी गोष्ट विसरली की उरलेल्या तिघींचा अर्थ आळसाच्या सोयीचा लावता येतो.

वाशीच्या बाजारात पेट्या पाठवणाऱ्या बागायतदाराच्या कर्मात भावाची चौकशी, पट्टीचा, म्हणजे दलालाच्या विक्री-चिठ्ठीचा, हिशेब तपासणे, कर्जाचा हप्ता लक्षात घेऊन अंदाज बांधणे, हे सगळे येते. ही कामे न करणारा बागायतदार विरक्त नसून निष्काळजी आहे, आणि त्याच्या निष्काळजीपणाची किंमत घरातली माणसे मोजतात. फळावरचा अधिकार सोडणे याचा अर्थ एवढाच, की हे सारे करून झाल्यावर बाजार आपल्या अंदाजाप्रमाणे वागलाच पाहिजे, असा हक्क सांगता येत नाही. गाडी निघून गेल्यावर दर तासाला फोन करून भाव विचारल्याने पेटीतला आंबा बदलत नाही. विचारणाऱ्याची झोप मात्र जाते, आणि बऱ्याचदा घरातल्या इतरांचीही.

रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले आणि ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. गीतेचे तात्पर्य कर्म सोडण्यात नसून लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या हितासाठी, कर्म करत राहण्यात आहे, हा त्यांचा सिद्धान्त आहे. त्यांच्या अर्थाशी पुढे पुष्कळांनी मतभेद दाखवले आणि ते मतभेद दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पण गीता रणांगणावर सांगितली गेली आणि ती ऐकून अर्जुन घरी गेला नाही, ही वस्तुस्थिती कोणत्याही भाष्याने बदलत नाही.

फळाची ओढच नसेल, तर माणूस मन लावून काम कसे करील?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर उलट्या बाजूने पाहिल्यास लवकर सापडते. फळाची ओढ कामाचे काय करते, हे पाहावे. हंगामाच्या सुरुवातीला पहिल्या पेट्यांना चढा भाव मिळतो, म्हणून काही ठिकाणी आंबा पुरता तयार होण्याआधीच, कोवळा असताना काढला जातो, आणि मग तो पिकवण्यासाठी बंदी असलेल्या कॅल्शियम कार्बाइडचा आधार घेतला जातो. असा आंबा वरून पिवळा दिसतो आणि आतून फसवतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यावरही बाहेरचा आंबा त्याच नावाने विकणारे आहेतच. या सर्वांना फळाची ओढ भरपूर आहे. कमतरता आहे ती कामावरच्या निष्ठेची.

पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि दापोलीजवळच्या पालगडच्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. (एका रायगडकराने सांगावे आणि एका रत्नागिरीकराने लिहावे, हा योग खानदेशात जमून यावा, याचे कोकणी माणसाला कौतुक वाटल्यास ते क्षम्य आहे.) फळाचे चिंतन करणाऱ्याचा जो वेळ आणि जी शक्ती त्या चिंतनात जाते, तीच निष्काम माणसाच्या कामात उतरते, म्हणून त्याचे काम अधिक चांगले व्हायला हवे, असा त्यांचा रोख आहे. कामात ढिलाई आली तर ते अनासक्तीचे लक्षण समजू नये. गीतेने सात्त्विक कर्त्याचे वर्णन करताना (१८.२६) आसक्ती आणि अहंकार नसणे यांच्या बरोबरीनेच धैर्य आणि उत्साह असणे ही अट घातली आहे. सिद्धी आणि असिद्धी यांत निर्विकार राहणारा कर्ता त्या श्लोकात उत्साही आहे, हे अनेकांना आश्चर्याचे वाटते.

निसर्ग चक्रीवादळात बाग गेली. हे आमचे प्रारब्धच नव्हते का?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी येईपर्यंत बरीच वर्षे जातात. त्यामुळे त्या दिवशी जे गेले ते एका हंगामाचे उत्पन्न नव्हते, आजोबांनी लावलेले आणि नातवाच्या शिक्षणासाठी राखलेले असे काहीतरी होते. ज्याची वाडी अशी गेली आहे, त्याने स्वतः, आपल्या मनाला आधार म्हणून ‘प्रारब्धात होते’ असे म्हटले, तर त्यात कोणी दुरुस्ती सुचवू नये. त्या वाक्याने तो उद्या कुदळ हातात घेण्याइतपत सावरत असेल, तर त्याने शास्त्राचे काहीच बिघडत नाही.

हेच वाक्य दुसऱ्याने त्याच्याविषयी म्हटले की त्याचा अर्थ बदलतो. तेथे ते बहुतेक वेळा आपल्यावरची जबाबदारी झटकण्यासाठी वापरलेले असते. वादळ कोणीही थांबवू शकत नव्हते. पण त्या वादळापूर्वी किनाऱ्यालगतच्या लोकांना सुरक्षित जागी हलवण्यात आले होते, आणि त्यामुळे प्राण वाचले. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. त्या वेळी पाऊस असामान्य होता, यात वाद नाही. परंतु वाशिष्ठीच्या पात्रात वर्षानुवर्षे साठलेला गाळ हा पावसाने एका रात्रीत आणलेला नव्हता. चिपळूणकरांनी पुराला केवळ नियती मानले असते तर गाळ काढण्याची मागणी झालीच नसती. त्यांनी ती लावून धरली आणि काम सुरूही झाले. पाच कारणांतले शेवटचे कारण पुढे करण्याआधी आधीची चार तपासावीत, एवढेच या श्लोकाचे व्यावहारिक मागणे आहे, आणि ते व्यक्तीइतकेच गावालाही लागू आहे.

वाडी पुन्हा लावावी की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. वय, पाणी, मजूर, कर्ज आणि घरात पुढे कोण पाहणार याचा विचार करून न लावण्याचा निर्णय घेतला, तर त्यात पराभव नाही. नियत कर्म बदलू शकते.

गरिबी आणि जात हीसुद्धा पूर्वकर्माची फळे म्हणायची का?

नाही. या उत्तरात आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. प्रारब्धाच्या सिद्धान्ताचा सर्वांत मोठा दुरुपयोग येथेच झालेला आहे : ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, ज्यांना देवळाबाहेर उभे केले, त्यांना तुमच्याच मागच्या जन्मीच्या पापाचे हे फळ आहे, असे सांगण्यात आले, आणि सांगणाऱ्याला स्वतःच्या या जन्मीच्या वागणुकीचा हिशेब त्यामुळे द्यावा लागला नाही. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके यावरच बोट ठेवले. १९५६ साली धम्मदीक्षा घेणाऱ्या बाबासाहेबांनी बुद्धांच्या कर्मविचाराची मांडणी करताना कर्माचा नैतिक नियम मान्य केला, पण आजची परिस्थिती गतजन्माच्या कर्मावर ढकलणारा अर्थ त्यांनी नाकारला.

गीता मानणाऱ्यानेही ही टीका बाहेरची म्हणून बाजूला ठेवू नये. कर्माचा सिद्धान्त स्वतःच्या आचरणाला लावला तर तो माणसाला जबाबदार बनवतो. शेजाऱ्याच्या दुःखाला तो लावण्याचा अधिकार कोणत्याही श्लोकाने दिलेला नाही, आणि ज्याला शेजाऱ्याचे संचित दिसत असल्याचा दावा आहे, त्याने आधी स्वतःचे सांगावे.

गाऱ्हाणे, कौल आणि नवस हे फलाशेचेच प्रकार नाहीत का?

काही अंशी आहेत, पण तेवढ्यावरून ते त्याज्य ठरत नाहीत. सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत. त्यांत दुःखाने आलेला आर्त आहे आणि काही मागायला आलेला अर्थार्थीही आहे. ज्ञानी भक्त देवाला विशेष प्रिय असला, तरी हे सर्वच उदार आहेत, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ज्याने मागायला तरी देवळाची पायरी चढली, त्याला गीता हाकलून देत नाही.

आता आपल्याकडचे गाऱ्हाणे पाहावे. ग्रामदेवतेपुढे मानकरी उभा राहतो आणि ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून जे मागतो, ते त्याच्या एकट्याच्या घरासाठी नसते. गावातली लेकरे, गुरेढोरे, मुंबईला गेलेले चाकरमानी, वाटेने जाणारा पाहुणा, या सर्वांचे क्षेम त्यात येते, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. येथे मागणे आहे, पण त्या मागण्याला ‘माझे’ अशी धार उरत नाही. फलत्यागाचे हे शास्त्रीय रूप नव्हे. तरी एकट्याच्या आशेला साऱ्या गावाच्या आशेत सोडून देण्याची ही रीत मला त्याच्या बरीच जवळची वाटते.

कौलाविषयी मात्र थोडी सावधगिरी हवी. देवाच्या पाषाणाला कळ्या किंवा तांदूळ लावून कोणत्या बाजूचा आधी पडतो ते पाहणे, ही पद्धत जिथे दोन्ही वाटा सारख्याच योग्य असतात आणि गावाने एकमताने पुढे जायचे असते, तिथे शोभते. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगातल्या ठरावीक तिथीने येत नाही, ती देवीला विचारून ठरते, आणि ती एकदा ठरली की वाद उरत नाही. पण जिथे माहिती मिळवता येते, तिथे कौल मागणे हे आपल्याच साधनांचा आणि क्रियांचा भाग दैवाकडे ढकलणे आहे. छातीत आलेली गाठ डॉक्टरांना दाखवावी की नाही, यावर कौल लावू नये. जमिनीच्या हद्दीसाठी मोजणी असते.

नवस फेडणे कृतज्ञतेचे असेल तर सुंदर आहे. आरवलीच्या वेतोबाला वाहिलेल्या त्या मोठमोठ्या चामडी चपला पाहताना ती कृतज्ञता दिसते. काम झाले तरच देव खरा, असा करार मनात असेल तर मात्र ती पूजा राहत नाही. मासेमारी करणारी घरे याबाबतीत अधिक समतोल आहेत, असे म्हणता येईल. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्यांची डागडुजी होते, इंजिन उघडले जाते, जाळी दुरुस्त होतात. आणि श्रावणातल्या पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो. जाळे फाटकेच ठेवून नारळावर भिस्त ठेवणारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, खलाशांना मिळणार नाही.

इतर धर्मांत याविषयी काय सांगितले आहे?

कोकणात हा प्रश्न पुस्तकी नाही, कारण किनाऱ्यावरच्या अनेक गावांत एकाच बंदरातून हिंदू आणि मुसलमान मच्छीमारांच्या होड्या निघतात. इस्लाममध्ये ईश्वरावर विसंबण्याला तवक्कुल म्हणतात. तिर्मिझींच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. उंट बांधून ईश्वरावर विसंबू की मोकळा सोडून विसंबू, असे एकाने पैगंबरांना विचारले, तेव्हा आधी बांध आणि मग विसंब, असे उत्तर त्याला मिळाले. ‘इन्शाअल्ला’ म्हणून नांगर उचलणाऱ्या खलाशाने हवामानाचा इशारा ऐकलेला असतो, तो याच अर्थाने.

जैन परंपरेत कोणतेही कार्य घडण्यासाठी काल, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ अशा पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात, असे मानले आहे. गीतेची आणि जैनांची यादी एक नाही, तिच्यामागचे तत्त्वज्ञान तर अगदीच वेगळे आहे. तरी एकट्या नियतीवर कोणीही सर्व भार टाकलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अनासक्त माणसाला दुःख होत नाही का?

होते. वाईट वाटणे ही आसक्तीची खूण नाही, आणि घरात मृत्यू झाला असता कोरड्या डोळ्यांनी गीता म्हणणे ही विरक्तीचीही खूण नाही.

पत्रिकेत योग नसेल तर प्रयत्न सोडावा का?

सोडू नये. ज्योतिषावर विश्वास असणाऱ्यांनीही एवढे पाहावे की पत्रिका परिस्थितीबद्दल काही सांगते, असे तिचे समर्थकच मानतात. कर्तव्य काय, हे ती सांगत नाही. कर्तव्य ठरवण्याचे काम तिच्याकडे सोपवले की मग मुहूर्त मिळेपर्यंत गळके छप्परही तसेच राहते.

मुलगा कित्येक वर्षे स्पर्धा परीक्षा देतो आहे. फळाची चिंता न करता देतच राहावे का?

हा प्रश्न अलीकडे फार येतो, आणि त्याला श्लोक सांगून उत्तर देण्याचा मोह टाळला पाहिजे. ‘येथे केलेला आरंभ वाया जात नाही’ हे गीतेतले वचन (२.४०) अशा वेळी हमखास सांगितले जाते, पण ते समबुद्धीच्या साधनेविषयी आहे, परीक्षेच्या अभ्यासक्रमाविषयी नाही. परीक्षेत घातलेली वर्षे वाया जाऊ शकतात, आणि तरुण मुलाला हे न सांगणे ही त्याची फसवणूक आहे.

फळाच्या आसक्तीमुळे माणूस प्रयत्न करतो, तसा तो थांबायचेही विसरतो. आता इतकी वर्षे घातली, गावात सगळ्यांना सांगून झाले, मग माघार कशी घ्यायची, या विचाराने दिलेला पुढचा प्रयत्न हा अभ्यासाच्या आवडीचा नसतो. अनासक्तीचा खरा उपयोग येथे आहे : निकाल आपल्या किमतीचा पुरावा नाही, हे एकदा पटले की वयोमर्यादा किती उरली, घरातले पैसे किती दिवस पुरतील, अभ्यास खरोखर होतो आहे का, आणि त्याबरोबर दुसरे काही कौशल्य हाती येते आहे का, हे प्रश्न न घाबरता विचारता येतात. त्यांची उत्तरे पाहून आणखी एक प्रयत्न करावा किंवा करू नये; दोन्ही निर्णय गीतेला धरून असू शकतात. आईवडिलांसाठी आणखी एक गोष्ट आहे. मुलाच्या कर्मावर मुलाचा अधिकार आहे, आणि त्याच्या फळावर तुमचा तर मुळीच नाही.

फळपिकाचा विमा काढणे म्हणजे देवावरचा अविश्वास नाही का?

नाही. तो साधनांपैकी एक आहे. मुदत संपण्यापूर्वी काढावा.

आजारपणामुळे किंवा वयामुळे काहीच करता येत नसेल, तर कर्मयोग कसा साधायचा?

पावसचे स्वामी स्वरूपानंद यांचे चरित्र या प्रश्नासाठी पाहण्यासारखे आहे. १९०३ साली जन्मलेले रामचंद्र विष्णू गोडबोले तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत होते आणि त्यासाठी त्यांनी तुरुंगवासही भोगला. पुढे कठीण दुखण्याने शरीर थकले, आणि १९७४ साली देह ठेवीपर्यंतची सुमारे चार दशके त्यांनी पावस येथे, एका घरातल्या एका खोलीत काढली. सभा, प्रवास, चळवळ, हे सगळे सुटले. त्या काळात त्यांनी ज्ञानेश्वरी अभंगांत आणली, आलेल्या माणसांशी ते बोलत राहिले, आणि सोहं, म्हणजे ‘तो मीच’ या भावाच्या, साधनेचा मार्ग अनेकांना मिळाला.

प्रत्येक आजारी माणसाकडून अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. पण कर्माचे क्षेत्र लहान झाले म्हणून कर्म संपत नाही, एवढे त्यावरून कळते. कोणताही माणूस क्षणभरही कर्मावाचून राहत नाही, असे तिसऱ्या अध्यायातही म्हटले आहे. अंथरुणावरच्या आजींना सुनेची चूक न काढता जेवणे, रात्री वारंवार हाक न मारता थोडे सोसणे, नातवंडांना चार गोष्टी सांगणे, हे शक्य असेल तर ते त्यांचे नियत कर्म आहे, आणि ते सोपे आहे असे कोणी समजू नये. सेवा करणाऱ्या सुनेसाठीही हाच नियम आहे : सेवेने आजी बऱ्या होतीलच असे नाही, कौतुक होईलच असेही नाही, आणि तिला विश्रांती देणे हे घरातल्या इतरांचे कर्म आहे. तिच्या त्यागाचे कौतुक करून आपण बाजूला होणारे पुरुष या चर्चेत अनेकदा पुढच्या रांगेत बसलेले असतात.

वाचन कुठून सुरू करावे?

गीतेचा दुसरा अध्याय एकोणचाळिसाव्या श्लोकापासून शेवटपर्यंत, मग संपूर्ण तिसरा, आणि त्यानंतर अठराव्यातले तेरा ते अठ्ठावीस हे श्लोक, असा क्रम या विषयापुरता सोयीचा आहे. अर्थासाठी विनोबांची गीताई जवळ ठेवावी, कारण तिचे मराठी वाचताना अडखळायला होत नाही. ज्ञानेश्वरी घेणार असाल तर सोबतीला सार्थ प्रत असावी. तिचा अठरावा अध्याय सर्वांत मोठा आहे. गणपतीच्या सुट्टीत आलेल्या चाकरमान्यांनी तो दीड दिवसात संपवण्याचा बेत करू नये, रोज पंधरा-वीस ओव्यांनी दिवाळीच्या पुढेपर्यंत तो सहज पुरतो.